एका मुठीवर नापास झालेली गाडी

हे लिहायला बसलो तेव्हा घरातून पहिली अट आली. "लिखा, पन मनं नाव टाकू नका." त्यामुळे या हकिगतीत माझ्या बायकोला नाव नाही. ती धुळ्याकडची, बोलते अहिराणी, आणि जळगावात उभा जन्म काढूनही तिने ती सोडलेली नाही. एवढी ओळख पुरे.

माझा आजार असा, की त्यात अंथरूण धरावं लागत नाही आणि कोणी मोसंबी घेऊन भेटायला येत नाही. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी घरात पाळणा हलत नव्हता, आणि कारण माझ्यात होतं. आमच्या काळी हे वाक्य कोणी पुरुष तोंडातून काढत नसे. आज काढतात, पण अजून इकडेतिकडे बघून. ज्याच्या खिशात आत्ता तपासणीचा असा एखादा कागद घडी घालून पडला असेल, त्याच्यासाठी हे लिहितो आहे. डॉक्टरी मला कळत नाही. मला कापूस कळतो.

जीन

देश स्वतंत्र होऊन काही वर्षं झाली होती. मी जळगावच्या एका जीनमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायच्या कारखान्यात, पारखीचं काम करत होतो. दिवाळीनंतर गाड्यांची रांग लागायची. भोंगा झाला की बैल कान टवकारायचे. संध्याकाळी घरी गेलो की बायको दारातच थांबवून केसांतले, भुवयांतले कापसाचे तंतू वेचून काढायची आणि म्हणायची, "म्हातारा व्हई उना का तुम्ही एकाच दिवसमा?" आता खरंच पांढरा झालोय, तर वेचायला तिला काही उरलं नाही.

पारख करायची रीत साधी. गाडीच्या तोंडाशी जो कापूस दिसतो तो बघायचाच नाही. तो दाखवायलाच ठेवलेला असतो. हात कोपरापर्यंत आत घालायचा. मधली मूठ काढायची, तळाची काढायची, दोन्ही कडांची काढायची. मग दोन अंगठ्यांत धरून तंतू ओढून बघायचा, किती लांब निघतो आणि किती दम धरतो. नुसत्या वजनावर जाऊन चालत नाही. शेतकरी कितीही घाईत असला, कितीही ओळखीचा असला, तरी एका मुठीवर मी कधी कुणाची गाडी पास केली नाही आणि नापासही केली नाही. याचा मला ताठा होता.

मेहरूणची बोरं

त्या वर्षी नवरात्रात मला मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉईड, आला. दिवाळी पेजेवर गेली. उठलो तेव्हा शर्टात दोन माणसं मावतील अशी गत होती. गावाहून माझी आई बघायला आली, आणि माझा ताप उतरल्याबरोबर तिचा मूळ विषय चढला. सुनेला कुठे दाखवलं का? एक बाईडॉक्टर होत्या, त्यांच्याकडे बायकोला घेऊन गेलो. त्यांनी तिला तपासलं आणि बाहेर येऊन मलाच म्हणाल्या, "यांच्यात काही नाही. आता तुम्ही तपासून घ्या."

मी हसलोच. मी? ताप येण्याआधी जीनमधले हमाल माझ्या छातीवर मूठ मारून बघायचे!

तरी गेलो. जळगावातल्याच एका डॉक्टरांकडे बारीक जंतू बघायची दुर्बीण होती. नमुना दिला. तो कसा दिला ते पुढे सांगेन, कारण पहिल्या वेळी लाजेने डोळ्यांपुढे अंधारी आली होती आणि मला काही आठवत नाही. डॉक्टरांनी काचेवर थेंब घेतला, दुर्बिणीला डोळा लावला, काढला, पुन्हा लावला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "शुक्रजंतू जवळजवळ नाहीतच. जे आहेत ते हलत नाहीत. मूल होणं कठीण." एका कागदावर तेच इंग्रजीत लिहून दिलं. बाहेर पुढचा रोगी खोकत होता.

त्या दिवशी मी जीनवर गेलो नाही. घरी गेलो आणि बायकोला म्हणालो, चल, मेहरूणच्या तलावाकडे जाऊन येऊ. तिला आश्चर्य वाटलं, कारण नवरा-बायकोने असं भरदिवसा फिरायला जायची आमच्याकडे पद्धत नव्हती. थंडीचे दिवस. बांधावर बाया टोपल्या घेऊन बसल्या होत्या. मेहरूणच्या बोरांसारखी बोरं पुन्हा कुठे खाल्ली नाहीत. तिच्या पदरात ओंजळभर बोरं ओतली आणि पाण्याकडे बघत तिला सगळं सांगून टाकलं.

ती बराच वेळ बोरं खात राहिली. एकेक बी पाण्यात टाकत होती. मग म्हणाली, "मायले सांगू नका."

"का?"

"माले बोलतीन ते मी ऐकी लिसू. माले सवय शे. तुमले सहन व्हनार नही."

मला रडू आलं. उघड्यावर, दिवसाउजेडी, बोरं विकणाऱ्या बायांसमोर मी रडलो. तिने मला पदराआड घेतलं नाही की डोळे पुसले नाहीत. एक पिकलं बोर निवडून माझ्या हातावर ठेवलं, बस.

औषधं

त्यानंतर कागद ट्रंकेत गेला आणि मी औषधांच्या मागे लागलो. सातपुड्यातून येणारे जडीबुटीवाले सांगतील ती मुळी दुधात उगाळून प्यालो. एकाने रोज कढत पाण्याने अंघोळ सांगितली, तीही केली. लंगोट तर मी तालमीत जात होतो तेव्हापासून आवळून बांधत होतो, आणि थोर लोकांचं म्हणणं असं की लंगोट जितका घट्ट तितकं पुरुषत्व पक्कं. मी तो आणखी आवळला.

घरातलं बोलणं कमी झालं. भांडण नव्हतं. ती माझ्याशी फार जपून वागायला लागली होती आणि ते मला भांडणापेक्षा जड जायचं. शेजारणीच्या बाळाला मांडीवर घेतलेलं असलं आणि मी आत आलो, की ती बाळ परत देऊन टाकायची. संध्याकाळी दारात केसांतले तंतू वेचायचंही तिने सोडलं होतं, का मीच तिला टाळून आत जात होतो, आता सांगता येणार नाही.

सव्वा मूठ

श्रावणात कानबाईला आम्ही गावी गेलो. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, कानबाई म्हणजे आमची देवी, आणि तिच्या नैवेद्याला रोट लागतात. रोटांचे गहू मोजायची रीत ठरलेली. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ. म्हातारा असो की तान्हा, ज्याची त्याची मूठ. वडील गेल्यापासून आमच्याकडे मुठी घालायचं काम आई करायची. नाव घ्यायची आणि मूठ सुपात सोडायची.

त्या वर्षी माझे चुलते आबा आधीच येऊन ओसरीवर बसले होते. मला कळायला वेळ लागला नाही. कायद्याने दुसरी बायको करायला बंदी आली होती, पण पहिलीला माहेरी पोचवून विसरून जायला कुठल्या कायद्याची बंदी नव्हती. कानबाई उठली, म्हणजे तिचं विसर्जन झालं, की सुनेला धुळ्याला पोचवायचं असं आईचं आणि आबांचं ठरलं होतं. बायकोलाही ते कळलं होतं. ती चुलीशी, आमच्याकडे पाठ करून बसली होती आणि तिने आपली लुगडी आधीच बांधून ठेवली होती. मला विचारलंसुद्धा नव्हतं.

आईने आबांची मूठ घातली, चुलतभावांची घातली, त्यांच्या पोरांची घातली. माझं नाव घेऊन मूठ भरली आणि म्हणाली, "पुढला साले याना मांगे आखो एक मूठ पाहिजे. या घरमा व्हवाले पाहिजे, मंग ती कोन्हीबी पोटनी येवो."

चुलीकडून भांड्याचा आवाज थांबला.

"आई, थांब," मी म्हणालो. "दोष तिच्यात नाही. माझ्यात आहे. डॉक्टरने बघितलंय. तू दहा सुना आणल्यास तरी हेच. माझ्या मागे मूठ नाही, आणि पुढल्या वर्षी माझीसुद्धा घालू नकोस."

आबांनी विडी विझवली. आईचा हात सुपावर तसाच, मूठ बंद. मला वाटलं ती गहू परत पोत्यात टाकणार. तिने माझ्याकडे बघितलं, मग सुनेच्या पाठीकडे बघितलं. मूठ सुपात सोडली आणि वरची पाव मूठही मोजून घातली.

"हाई मूठ कानबाईनी मोजेल शे," ती म्हणाली. "डॉक्टरनी नही."

मग उठून चुलीशी गेली आणि सुनेच्या शेजारी बसून पोळपाट ओढून घेतला. आमच्या घरात माफी मागायची हीच पद्धत. त्या रात्री बांधलेली लुगडी सुटली. निघताना आबा माझ्याजवळ आले, खाकरले, आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "धुयाले एक डॉक्टर शे. म्हातारा. लोके त्याले येडा म्हनतस, कारन तो मोजतच बठस. दखाडी ये एकदाव."

धुळ्याचा डॉक्टर

एस.टी. एरंडोल, पारोळा करत धुळ्याला पोचायची तेव्हा अंगावर इतकी धूळ असायची की दवाखान्यात शिरण्याआधी नळावर तोंड धुवावं लागायचं. डॉक्टर खरंच म्हातारे होते. जाड चष्मा, कोटाला शाईचे डाग. माझा कागद त्यांनी वाचला, उलटा करून मागची बाजू बघितली.

"बाकीचे कुठे आहेत?"

"बाकीचे म्हणजे?"

"बाकीच्या वेळचे कागद."

"एकदाच तपासलं."

"केव्हा?"

"मुदतीच्या तापातून उठलो त्याच्यानंतर."

त्यांनी चष्मा काढला. "धंदा काय करता?"

सांगितलं. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "पारखी! मग सांगा, गाडी आली की किती ठिकाणी हात घालता?"

मी रीत सांगितली. तोंडाशी, मध्ये, तळाला, कडांना.

"आणि पावसात भिजून आलेली गाडी असेल तर?"

"तर त्या दिवशी बघतच नाही. वाळू देतो."

"मग गृहस्था," ते म्हणाले, "स्वतःची गाडी भिजलेली असताना, एकाच मुठीवर नापास करून घरी कसा गेलास?"

आयुष्यभर ज्या गोष्टीचा ताठा बाळगला, ती स्वतःच्या वेळेला मला सुचलीच नव्हती. माणूस घाबरला की त्याला त्याचा धंदाही आठवत नाही.

ते म्हणाले, मोठ्या तापानंतर काही महिने शुक्रजंतू कमीच पडतात. आणि ताप नसला तरी एका थेंबावर काही ठरत नाही. थोड्या थोड्या आठवड्यांनी तीनदा या. मुळ्या बंद, कढत पाणी बंद. "आणि तो लंगोट सोडा. तिथे थंडावा लागतो, तुम्ही भट्टी लावलीये."

मागची खोली

आता नमुना कसा दिला ते. नमुना ताजा लागतो, जळगावहून बाटलीत घालून आणला तर कामाचा नाही. म्हणून दवाखान्याची मागची खोली. तिथे औषधांची खोकी, कंपाउंडरची सायकल आणि भिंतीवर शंकर-पार्वतीचं कॅलेंडर. बरोबर गणपती मांडीवर. मी ते आधी भिंतीकडे तोंड करून लावलं. तरी जमेना. बाहेरून कंपाउंडर दर थोड्या वेळाने हाक मारायचा, "व्हयनं का, भाऊ? माले सायकल पाहिजे!" दुसऱ्या खेपेला गेलो तर सायकल बाहेर होती आणि कॅलेंडर आधीच उलटं केलेलं होतं. त्या माणसाचे उपकार मी विसरलो नाही.

डॉक्टर मोजायचे ते बघण्यासारखं होतं. चौकोन आखलेली एक काच, तिच्यावर थेंब. एकेका चौकोनातले मोजायचे. मग दुसऱ्या काचेवर त्याच नमुन्याचा दुसरा थेंब आणि पुन्हा पहिल्यापासून. दोन मोजण्यांत फार फरक पडला की दोन्ही खोडून तिसऱ्यांदा. मग नुसती संख्या नाही, तर त्यातले सरळ पोहत जाणारे किती, जागच्या जागी गिरक्या घेणारे किती, पडून राहिलेले किती. "वजनावर जाऊ नका," ते म्हणायचे, "तंतू ओढून बघा." माझीच भाषा मला परत द्यायची त्यांना मजा वाटायची. त्यांनी मला एकदा दुर्बिणीतून बघू दिलं. बारीक बारीक जीव कुठेतरी निघाले होते. मला हसू आलं. मेलेलं सामान नव्हतं ते.

संक्रांतीच्या सुमारास तिसरी खेप झाली. तीन आकडे आले आणि तिन्ही वेगळे. एक अगदीच पडेल, एक त्याच्या दुपटीचा, एक मधला.

"यातला खरा कुठला?" मी विचारलं.

"एकाच शेतातला पहिल्या वेचणीचा आणि तिसऱ्या वेचणीचा कापूस तुम्ही सारखा धरता का? तिन्ही खरे. तुम्ही या तिघांच्या मध्ये कुठेतरी राहता."

"म्हणजे पास की नापास?"

ते खुर्चीत मागे टेकले. "पुस्तकात एक रेघ मारलेली आहे. तुम्ही तिच्या जरा खाली आहात. पण रेघेखाली असलेल्या किती जणांना मुलं होतात, हे मला कसं कळणार? ज्यांना मुलं होत नाहीत तेच इथे येतात. ज्याला होतात तो कशाला मरायला येईल? मला बाप झालेल्यांचे नमुने पाहिजेत. त्याशिवाय हा सगळा एकतर्फी हिशेब आहे." मग आवाज चढवून, "आमच्या या कंपाउंडरला पाच पोरं आहेत, कधीपासून मागतोय!"

दारातून उत्तर आलं, "साहेब, मी नोकरी सोडी दिसू, पन हाई काम नही!"

मी त्या दिवशी एस.टी.त खिडकीशी बसून हसत आलो. मला पास केलं नव्हतं, पण नापासही केलं नव्हतं. एवढ्यावर माणूस किती दिवस जगू शकतो हे मला तेव्हा कळलं. घरी आलो तर बायको दारात उभी. मी थांबलो. तिने भुवईवरचा एक तंतू काढला. जीनचा नव्हता, धुळीचाच काहीतरी असेल.

बर्फी

पुढचं वर्ष आम्ही मोजमाप सोडून दिलं. लंगोट गेला, गार पाणी आलं. सुट्टीच्या दिवशी मेहरूणला जायचो. गल्लीतल्या लोकांनी आम्हाला नावं ठेवली आणि मग कंटाळून सोडून दिली. आई कधी आली तर सुनेबरोबर निवांत अहिराणीत बोलत बसायची, आणि तो विषय निघालाच नाही. एकदा थंडीत, आई आलेली असताना, मी बोरं आणली तर बायको म्हणाली, "आखो कच्ची आना. आंबट." मी मूर्ख, मला कळलंच नाही. आई कपाळाला हात लावून हसत सुटली.

मुलगी झाली. आमच्याकडे मुलाचे पेढे, मुलीची बर्फी. एवढी बर्फी वाटली की लोकांना वाटलं तिळ्या झाल्या. श्रावणात आईने रोटांचे गहू मोजताना सगळ्या पुरुषांच्या मुठी घातल्या, जरा थांबली, आणि नाव न घेता आणखी एक सव्वा मूठ सुपात सोडली. आबा म्हणाले, "वहिनी, ही कोनी?" तिने सूप पाखडायला घेतलं.

बर्फीचा एक पुडा घेऊन मी धुळ्याला गेलो. डॉक्टर उठून उभे राहिले, त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. डोळे भरून आले होते त्यांचे. पुडा कंपाउंडरच्या हातात दिला. मग कपाटाकडे गेले आणि कसलीशी रिकामी बाटली माझ्यापुढे केली.

"आता हे कशाला, डॉक्टरसाहेब?"

"आता तुम्ही बाप झालात ना," ते म्हणाले. "मला एक तरी बाप पाहिजे."

मागच्या खोलीत गेलो. कॅलेंडर नवीन वर्षाचं होतं, पण चित्र तेच. या खेपेला मी ते उलटं केलं नाही. कंपाउंडरनेही हाक मारली नाही, तो बर्फी खात होता. डॉक्टरांनी थेंब घेतला, मोजला. दुसरी काच घेतली, मोजला. मुलगी घरी पाळण्यात होती, तरी मी निकाल ऐकायला पहिल्या दिवसासारखाच त्यांच्या तोंडाकडे बघत उभा होतो.

"तेवढाच," ते म्हणाले. "मागच्या तिघांच्या मधला. रेघेखाली."

"मग?"

"मग काही नाही. रेघ चुकीची नसेल, पण रेघेखाली एक बाप आहे, हे आता मी छातीठोक सांगू शकतो." पुढे अनेक वर्षं, समोर मान घालून बसलेल्या प्रत्येकाला ते सांगत, जळगावचा एक कापसाचा पारखी आहे, त्याचा आकडा असा आहे आणि त्याच्या घरी मुलगी आहे. नाव सांगत नसत. जीनवर गाडी घेऊन आलेल्या एका शेतकऱ्याने हीच गोष्ट मलाच धीर द्यायच्या सुरात सांगितली होती. मी तळाची मूठ काढत ऐकून घेतली.

त्या संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा बायको पाळणा हलवत होती. मी सगळं सांगितलं. बाटली सांगितली, दोन काचा सांगितल्या, आकडा सांगितला.

"तितलाच?" ती म्हणाली.

"तेवढाच."

तिने पाळण्याकडे बघितलं. मुठी आवळून झोपलेल्या त्या पोरीकडे बघितलं. आणि हसायला लागली. मेहरूणच्या त्या दिवशी तिने माझ्यासाठी जेवढं रडं गिळलं होतं, ते सगळं त्या हसण्यातून बाहेर पडत होतं. पदर तोंडात कोंबून हसली, तरी पोरगी उठलीच, रडायला लागली. आणि तिला उचलून माझ्या मांडीवर देत ती म्हणाली, "धरा तुमनी मूठ."